आधी पाऊल, मागून धीर

चिंताविकाराच्या माणसाला आपल्याकडे दोन प्रकारचे सल्ले मिळतात आणि दोन्ही मायेपोटीच मिळतात. एक म्हणतो, मन खंबीर कर, एवढे काय घाबरायचे. दुसरा म्हणतो, तुला त्रास होतो ना, मग नको जाऊस, आम्ही बघतो. पहिल्याला दुसरा लाडावणारा वाटतो, दुसऱ्याला पहिला दगडाच्या काळजाचा. माझे म्हणणे असे, की दोघांचेही चुकते आणि एकाच जागी चुकते. आधी भीती जाईल, मग माणूस कामाला लागेल, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. पहिला ती मनाच्या बळावर घालवायला सांगतो, दुसरा ती जाईपर्यंत थांबायला सांगतो. जोसेफ वोल्पे यांचे भीतीवरील उपचारांचे पुस्तक १९५८ साली आले. तेव्हापासून या विकारांवर जी वर्तन-उपचारपद्धती घडत आणि पारखली जात आली, तिचा क्रम नेमका उलटा आहे.

खंबीरपणाचा आग्रह धरणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. काळजी कुणाला चुकली आहे? परीक्षा, कर्ज, मुलीचे लग्न, लांबलेला पाऊस, या काळज्या घेऊनच माणसे जगतात. पण अशी काळजी कारणाबरोबर येते आणि कारणाबरोबर ओसरते. विकारात ती कारण संपल्यावरही मुक्काम ठोकते. झोप तोडते, मान-खांदे आखडवते, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारते. सहा-सहा महिने बहुतेक दिवस हेच चालले आणि रोजचे व्यवहार अडू लागले, तर त्याला स्वभाव म्हणणे हा त्या माणसावर अन्याय आहे. ‘आमच्या वेळी असले आजार नव्हते’ हेही खरे नाही. जेकब दा कोस्टा या डॉक्टरने १८७१ साली अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची लक्षणे नोंदवली: छातीत धडधड, दुखणे, धाप. आणि हृदयात त्याला साजेसा दोष सापडत नव्हता. तोफांसमोर उभ्या राहिलेल्या माणसांना मनाचे कच्चे कोण म्हणेल? आपल्या गावांतही हे होतेच. त्याला बाहेरचे म्हणत आणि अंगारा लावत.

दुसऱ्या पक्षाचे, म्हणजे जपणाऱ्यांचे, खंडन अवघड आहे, कारण त्यांच्या सल्ल्याने बरे वाटते. लगेच बरे वाटते, आणि तिथेच सगळा घोटाळा आहे.

डोंबिवलीहून दादरला नोकरीला जाणारी एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. ठाणे सुटले की घाटकोपरपर्यंत न थांबणारी जलद लोकल. गर्दीत एकाएकी छाती धडधडू लागते, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आता आपण मरतो असे वाटते. घाटकोपरला उतरून ती दवाखाना गाठते. ईसीजी होतो, रक्त तपासले जाते. हे योग्यच, छातीत पहिल्यांदा असे झाले की हृदय तपासलेच पाहिजे, थायरॉइडही पाहावे. अहवाल नॉर्मल येतात आणि तिला सांगितले जाते, ‘काही नाही, टेन्शन आहे.’ या वाक्यावर माझा राग आहे. काही नाही कसे? तिला पॅनिक अटॅक आला होता. शरीराने धोक्याची घंटा विनाकारण वाजवली, अ‍ॅड्रेनालिन वाढले, श्वास भराभर सुरू झाला, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरला आणि मुंग्या, चक्कर आली. हा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. एवढे तिला त्याच दिवशी कुणी समजावले असते, तर पुढची निम्मी वाट टळली असती.

पुढची वाट अशी. ती जलद गाडी सोडून धीमी धरते. मग दाराजवळच उभी राहते, पर्समध्ये गोळी आणि पाण्याची बाटली ठेवते. मग नवरा स्टेशनपर्यंत सोडायला येऊ लागतो, पुढे थेट दादरपर्यंत. शेवटी घरचेच म्हणतात, सोड नोकरी, जीव महत्त्वाचा. प्रत्येक पायरीवर सुटल्यासारखे वाटते आणि त्या सुटकेतून मेंदू एकच धडा घेतो: टाळले म्हणून वाचलो. गाडीत थांबूनही काही झाले नसते, हे कळण्याची संधीच त्याला मिळत नाही. मग भीती लोकलपुरती राहत नाही. लिफ्ट, चित्रपटगृह, लग्नाचा हॉल, सगळीकडे पसरते. प्रेमाने केलेली ही राखण आजाराला खतपाणी घालते, हे घरच्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि त्यांना दोष न देता सांगितले पाहिजे.

उपचार म्हणजे हीच वाट उलटी चालणे. आधी तो झटका कसा येतो हे समजून घ्यायचे. उपचारक खोलीतच मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावतो, जागच्या जागी धावायला लावतो. तीच धडधड, तीच चक्कर येते आणि जीव जात नाही, हे अंगाला कळते. मग पायऱ्या ठरवायच्या. रविवारी दुपारी नुसते फलाटावर उभे राहायचे. मग धीम्या गाडीने कोपरपर्यंत, मग दिवा, मग ठाणे. आधी सोबतीने, मग एकटीने. शेवटी सकाळची जलद लोकल. प्रत्येक पायरीवर भीती येणारच. ती असतानाच थांबायचे. ‘खंबीर’ पक्षाला वाटेल, आम्ही हेच तर सांगत होतो. नाही. कुणाला एकदम गर्दीत ढकलून देणे हा उपचार नव्हे. पायऱ्या रुग्णाच्या संमतीने, तिच्या मापाच्या आणि पुन्हा पुन्हा चढायच्या असतात. रक्त किंवा सुई पाहून घाबरणाऱ्यांचे तंत्र तर आणखी वेगळे. त्यांचा रक्तदाब खरोखर उतरतो आणि ते बेशुद्ध पडू शकतात, म्हणून त्यांना स्नायू ताणून धरायला शिकवतात.

प्राणायामाबद्दल विचाराल तर तो रोज जरूर करावा. पण ‘श्वास मोजला म्हणूनच वाचले’ असे वाटू लागले, तर तोही पर्समधल्या गोळीसारखी कुबडी होतो.

गोळ्यांबद्दल मात्र सविस्तर बोलले पाहिजे. ‘मनाच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या, एकदा लागल्या की सुटत नाहीत’, हा समज दोन अगदी वेगळ्या औषधांना एकाच पुडीत बांधतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या औषधांबद्दलची ही भीती रास्त आहे. ती तासाभरात आराम देतात, आणि नियमित घेत राहिल्यास सवय लागते. एकदम बंद केली तर फिटसुद्धा येऊ शकते. शेजारणीच्या सांगण्यावरून किंवा जुनी चिठ्ठी दाखवून अर्धी-अर्धी गोळी घेत वर्षे काढणारी माणसे याच औषधांत अडकतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधे त्या जातीची नाहीत. त्यांची तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस अस्वस्थता वाढूही शकते. हे आधी सांगितले नसेल तर रुग्ण चौथ्या दिवशी गोळी फेकतो आणि आयुष्यभर सांगत फिरतो की औषधाने बिघडले. बरे वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागतात. अनेकांना त्यांची गरज असते आणि ती घेण्यात कमीपणा नाही. तरी औषधावरच थांबू नये, असे माझे मत आहे. पॅनिक विकाराच्या ३१२ रुग्णांवरचा डेव्हिड बार्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात इमिप्रामिन हे औषध आणि विचार-वर्तन उपचार दोन्ही गुणकारी ठरले. पण उपचार थांबवल्यानंतरच्या सहा महिन्यांत शिकलेल्या उपचाराचा गुण अधिक टिकला.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो: हे सगळे शहरातल्या पैसेवाल्यांचे, तालुक्याच्या गावी कोण शिकवणार? देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, हे खरे. पण पायऱ्या ठरवून देणे, झटका समजावणे, दर आठवड्याला पाठपुरावा करणे या कामासाठी प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञच लागतो असे नाही. ‘संगत’ संस्थेच्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांसाठी स्थानिक सामान्य व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार केले आणि गरजेप्रमाणे डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी ठेवले. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्य केंद्रांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण वाढले, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे सरकारी केंद्रातच हे काम जमू शकते. महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत असा एकेक प्रशिक्षित माणूस नेमा, ही मागणी मधुमेहाच्या गोळ्या मागण्याइतक्याच हक्काने ग्रामसभेत आणि विधानसभेत झाली पाहिजे. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी उपचारकाला पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारावेत: जे टाळले जात आहे तिथे परत जाण्याच्या पायऱ्या तुम्ही आखून देणार आहात का, आणि त्यात आम्ही कुठे सोबत करायची, कुठे मागे राहायचे?