बॉक्स बदलण्यापूर्वी मोजपट्टी घ्या

दिवाळी जवळ आली किंवा क्रिकेटची एखादी मोठी स्पर्धा तोंडावर आली, की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, घरी डिशचा साधा बॉक्स आहे. तो बदलून रेकॉर्डिंगचा एचडी बॉक्स घ्यावा का?" विचारणारा कधी बारावीचा विद्यार्थी असतो, तर कधी आमच्या स्टाफरूममधील सहकारी. मी उलट विचारतो, "तुमचा टीव्ही किती इंची आहे आणि तुम्ही तो किती फुटांवरून पाहता?" समोरच्याला वाटते, सर प्रश्न टाळताहेत. वास्तविक, उत्तराची सुरुवात तिथूनच होते.

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. रेकॉर्डिंगची सोय विद्यार्थ्याच्या खरोखर उपयोगाची आहे. चित्राची वाढीव स्पष्टता मात्र प्रत्येक घरात उपयोगी पडेलच असे नाही. आणि या दोहोंपेक्षा महत्त्वाचा असा एक प्रश्न आहे, जो बॉक्स घेताना विचारायचे माझ्याकडून राहून गेले. त्याची किंमत मी मोजली आहे. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम एचडी म्हणजे काय ते पाहू. टीव्हीचे चित्र हे बारीक ठिपक्यांची रांगोळी असते. आपल्याकडील साध्या प्रक्षेपणात एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. म्हणजे एकूण ४,१४,७२०. एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागाकार करा, उत्तर बरोबर पाच येते. जाहिरातीत 'पाचपट स्पष्ट चित्र' असे म्हणतात ते याच हिशेबाने. हिशेब खरा आहे. पण त्यात एक माणूस धरलेला नाही, तो म्हणजे पाहणारा!

आपल्या डोळ्याची एक मर्यादा आहे. दोन बिंदूंमधील अंतर डोळ्याशी सुमारे एक मिनिटाचा कोन करत असेल, तर निरोगी डोळ्याला ते दोन वेगळे दिसतात. (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग.) कोन त्याहून लहान झाला, की दोन्ही बिंदू मिळून एकच भासतात. एक मिनिटाचा कोन म्हणजे साधारण ३४४० मिलिमीटर अंतरावर ठेवलेली एक मिलिमीटरची वस्तू.

आता घरातला टीव्ही मोजू. ३२ इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप आहे. अशा पडद्याची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर भरते. या रुंदीत ७२० ठिपके बसवले तर शेजारच्या दोन ठिपक्यांमधील अंतर जवळजवळ एक मिलिमीटर येते. म्हणजे साधारण ३.४ मीटरवरून, अकरा फुटांवरून, साधे ठिपकेसुद्धा एकमेकांत मिसळून जातात. एचडीचे ठिपके ०.३७ मिलिमीटरवर असतात. ते पूर्णपणे वेगळे पाहायचे तर तुम्हाला पडद्यापासून सव्वा मीटरवर जाऊन बसावे लागेल. तेव्हा ३२ इंची टीव्ही बारा फुटांवरून पाहणाऱ्या कुटुंबाने केवळ स्पष्टतेसाठी पैसे भरले, तर त्यांनी डोळ्याला न दिसणारे ठिपके विकत घेतले असे म्हणावे लागेल. पाच-सहा फुटांवरून पाहणाऱ्याला फरक चांगला जाणवेल. पडदा ५५ इंची असला तर त्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर; तिथे बारा फुटांवरूनही फरक उघड दिसेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चित्राची प्रत केवळ ठिपक्यांवर अवलंबून नसते. सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक ठिपक्यासाठी सरासरी १२ बिट असा हिशेब केला, तर एचडी चित्रासाठी दर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट माहिती लागते. उपग्रहावरून एका वाहिनीसाठी इतकी माहिती पाठवणे परवडत नाही. म्हणून आधीच्या चित्रापेक्षा जेवढे बदलले तेवढेच मुख्यतः पाठवायचे, अशी युक्ती वापरतात. बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या मागची भिंत बदलत नाही. ती पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? अशा रीतीने ६२२ मेगाबिटांचे काम आठ-दहा मेगाबिटांत भागते. पण कबड्डीच्या सामन्यात सगळेच हलत असते. तिथे काटकसर अंगाशी येते आणि चित्रात चौकोन दिसू लागतात. एखाद्या साध्या वाहिनीला फारच थोडे बिट दिलेले असतील, तर तिचे चित्र लांबूनही खराब दिसेल. हा दोष ठिपक्यांचा नव्हे, कंजुषीचा!

आता गच्चीवर चला. १९७५-७६ साली 'साइट' नावाचा प्रयोग झाला, तेव्हा सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून थेट टीव्ही दाखवला गेला. त्यासाठी तीन मीटर व्यासाच्या, तारेच्या जाळीच्या डिश उभारल्या होत्या. आज साठ सेंटिमीटरची डिश पुरते. याचे एक कारण म्हणजे तरंगलांबी. त्या वेळची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ होती, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. आजच्या घरगुती सेवेच्या लहरी अवघ्या अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतात. तरंगलांबी लहान, म्हणून डिशही लहान चालते. उपग्रह मात्र तितकाच दूर आहे: विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर. 'जीसॅट-२४' हा २०२२ च्या जूनमध्ये सोडलेला भारतीय उपग्रह याच कामासाठी ८३ अंश पूर्व रेखांशावर ठेवला आहे. आम्हा कोकणातल्या लोकांना तो दक्षिणेपासून सुमारे ३० अंश पूर्वेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंचीवर येतो.

बॉक्स एचडी झाला म्हणून डिश बदलावी लागत नाही. तिचा नेम मात्र तपासायला हवा. साठ सेंटिमीटरच्या डिशच्या झोताची रुंदी जेमतेम तीन अंश असते. नेम एका अंशाने चुकला तरी संदेशाची पाव हिश्श्याहून अधिक शक्ती वाया जाते. साध्या वाहिन्या एवढे सहन करतील, एचडी वाहिन्या करतीलच असे नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. संदेश पाठवताना लहरीची कला बदलतात. हे घड्याळाच्या काट्यासारखे समजा. जुन्या पद्धतीत काटा चारच जागी थांबतो: १२, ३, ६ आणि ९. दर वेळी दोन बिट कळतात. एचडीसाठी बहुधा वापरतात त्या नव्या पद्धतीत काटा आठ जागी थांबतो आणि दर वेळी तीन बिट कळतात, माहिती दीडपट. पण दोन जागांमधील कोन ९० अंशांवरून ४५ अंशांवर येतो. गोंगाटामुळे काटा थरथरला, की शेजारच्या जागेशी घोटाळा होण्याचा संभव वाढतो. नव्या पद्धतीत चुका दुरुस्त करण्याचे गणितही अधिक चांगले आहे, त्यामुळे हा तोटा बराचसा भरून निघतो. तरीपण डिशचा नेम ढळलेला असला, तर एचडी वाहिनी आधी रुसते.

आणि पाऊस? अडीच सेंटिमीटरच्या लहरी पावसाचे मोठे थेंब शोषतात आणि विखुरतात. आषाढातल्या मुसळधार सरीत चित्र जाते ते यामुळे. नवा बॉक्स घेऊन हा दोष जाणार नाही. तो कमी करायचाच असेल, तर ७५ सेंटिमीटरची डिश लावा. क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते.

रेकॉर्डिंगचा बॉक्स लावायला आलेला मेकॅनिक गच्चीवरून दुसरी केबल खाली आणतो, तेव्हा घरचे लोक कुरकुर करतात. त्याचे कारण विचाराल तर भौतिकशास्त्राचा एक सुंदर धडा मिळेल. उपग्रहावरून काही वाहिन्या उभ्या आणि काही आडव्या ध्रुवणाच्या लहरींनी येतात. डिशसमोरच्या एलएनबीने यांपैकी कोणत्या घ्यायच्या, हे बॉक्स त्याच केबलमधून वर पाठवलेल्या विद्युतदाबाने सांगतो: १३ व्होल्ट असले तर उभ्या, १८ असले तर आडव्या. एका केबलवर एका वेळी दोन दाब कसे देणार? म्हणून एक वाहिनी पाहत असताना दुसरी कोणतीही नोंदवायची असेल, तर सामान्यतः दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबली लागतात.

रेकॉर्डिंगबद्दल दोन चांगल्या गोष्टी सांगतो. जुन्या व्हिडिओ कॅसेटवर नोंदवलेले चित्र मूळ चित्रापेक्षा फिके असे. या बॉक्समध्ये उपग्रहावरून आलेले बिट जसेच्या तसे हार्ड डिस्कवर लिहिले जातात, त्यामुळे प्रत कमी होत नाही. आणि जागेचा हिशेब तुम्हीच करू शकता. सेकंदाला आठ मेगाबिट म्हणजे एक मेगाबाइट. तासाला ३६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ गिगाबाइट. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर सुमारे १३८ तास मावतील. विद्यार्थ्याला याचा फायदा मोठा. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयंप्रभा' शैक्षणिक वाहिन्यांसारखा एखादा पाठ भर शाळेच्या वेळेत लागला, तर तो संध्याकाळी पाहता येतो. न कळलेला भाग मागे नेऊन पुन्हा ऐकता येतो. कोणता शिक्षक एवढ्या वेळा, न चिडता, तेच सांगेल? विजेचाही हिशेब करा: बॉक्स समजा २० वॅट घेत असेल आणि अहोरात्र चालू राहिला, तर महिन्याला १४ युनिटांहून अधिक वीज जाते.

आता माझी हकीकत. शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम २०११ साली एका मराठी वाहिनीवर झाला. टाकाऊ डबे, आरसे, सायकलच्या नळ्या यांतून ते प्रयोग करून दाखवत होते. तो मी आमच्या रेकॉर्डिंगच्या साध्या बॉक्समध्ये नोंदवला. पुढे गुरुजी गेले. दर वर्षी अकरावीच्या पहिल्या आठवड्यात काही मुलांना घरी बोलावून मी तो दाखवत असे. २०१४ साली मी हौसेने एचडी रेकॉर्डर घेतला. ठिपके मोजले, केबल तपासली, डिशचा नेम साधला. मेकॅनिकने जुना बॉक्स काढला, नियमाप्रमाणे तो परत न्यायचा म्हणून पिशवीत घातला. मी म्हटले, "त्यातले रेकॉर्डिंग या नव्यात घालून द्या." तो म्हणाला, "सर, ते होत नाही. त्या बॉक्सचे त्याच बॉक्समध्ये दिसते." कंपनीला फोन केले, पत्र लिहिले, उत्तर तेच आले.

तो मुलगा खरे बोलत होता. अशा बॉक्समधील नोंद सांकेतिक कुलपात असते आणि किल्ली त्याच बॉक्सच्या पोटात असते. डिस्क काढून संगणकाला जोडली तरी आत निरर्थक आकडे दिसतात. वर्गणी बंद झाली तर पुष्कळदा आपणच नोंदवलेले आपल्याला पाहता येत नाही. कार्यक्रम बनवणाऱ्याच्या हक्कांचे रक्षण व्हायला हवे, हे मला मान्य आहे. पण ग्राहकाला ही गोष्ट बॉक्स देताना, त्याच्या भाषेत, ठळकपणे सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गिगाबाइट किती हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापतात. ती जागा भाड्याची आहे हे का छापत नाहीत? आणि दोष माझाही आहे. मी सर्व आकडे तपासले, पण 'हे माझे राहील का?' हा साधा प्रश्न विचारला नाही.

तेव्हा मित्रहो, बॉक्स जरूर घ्या, पण आधी तीन गोष्टी करा. टीव्हीची रुंदी आणि बसण्याचे अंतर मोजून वरचा हिशेब मांडा. गच्चीवर जाऊन डिश हलते का, केबलचे सांधे गंजले आहेत का ते पाहा. मात्र कठड्याशी एकट्याने जाऊ नका. आणि विक्रेत्याला विचारा, की बॉक्स बदलल्यावर किंवा बिघडल्यावर जुन्या रेकॉर्डिंगचे काय होईल. शिक्षकांना माझी विनंती आहे, की नववी-दहावीच्या वर्गाला हा प्रकल्प म्हणून द्यावा. प्रकाश, लहरी, कोन आणि विद्युतशक्ती ही प्रकरणे त्यात आपोआप येतात.

आणि एखादी गोष्ट खरोखर जपायची असेल, तर ती अशा बॉक्सच्या भरवशावर ठेवू नका. ती ज्याने बनवली त्याच्याकडे रीतसर प्रत मागा. निदान वहीत टिपणे तरी काढा. गुरुजींचे प्रयोग आज मी मुलांना करून दाखवतो ते माझ्या दहावीच्या वहीतून. तीत मी काढलेल्या आकृत्या वेड्यावाकड्या आहेत, पण सायकलच्या नळीचा प्रयोग त्यांवरून अजूनही बरोबर जमतो.