पथ्याबरोबर बियाणेही

पडवळ, दोडका, दुधी खा, असे पथ्य आम्ही बीड जिल्ह्यातील वैद्य सहज सांगतो. ती भाजी रुग्णाच्या घरी येणार कोठून, याचा विचार क्वचितच करतो. उन्हाळ्यासाठी भाज्या वाळवण्याची रीत येथे जुनी आहे. परंतु चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, शुष्क शाके गुरू असल्याने त्यांचे नित्य सेवन वर्ज्य सांगितले आहे. म्हणून वाळवण टंचाईपुरतेच असावे. एरवी ताजी भाजी हवी आणि तिच्यासाठी बियाणे घरचे हवे. संकरित वाणाचे बी पुढील पिढीत तेच गुण देत नाही. शेजारच्या वाणाशी संकर टाळला, तर गावरान वाण देतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे राखण्याचा व देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यानेही मान्य केला आहे. दोन-चार निरोगी फळे वेलावरच पक्व होऊ द्यावीत, बी वाळवून राखेत घोळून मडक्यात ठेवावे. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबास मृगाला ते विकत घ्यावे लागणार नाही. प्रत्येक वैद्याने दवाखान्याच्या आवारात एक वेल लावावा आणि औषधाच्या पुडीबरोबर बियांचीही पुडी द्यावी, असे आम्हांस वाटते.