विमानाच्या बरगड्या

गौलीगुड्याचे जुने बसस्थानक ज्यांनी पाहिले आहे, त्या वाचकांना त्याचे ते प्रचंड कमानदार पत्र्याचे छत खचित आठवत असेल. ते मुळात बसगाड्यांसाठी बनलेलेच नव्हते. निजामाच्या राजवटीत, १९३० च्या सुमारास, अमेरिकेच्या बटलर कंपनीने घडविलेले ते विमानघर येथे आले. आणि १९३२ साली २७ गाड्यांनिशी संस्थानची बसवाहतूक सुरू झाली तेव्हा विमानांची जागा बसगाड्यांनी घेतली. ५ जुलै २०१८ रोजी ते छत कोसळले. गाड्या काही दिवस आधीच हलविल्या होत्या, म्हणून जीवितहानी टळली.

आमच्या शाळेतील मुलांना हा इतिहास सांगितला तेव्हा आठवीच्या वर्गातून प्रश्न आला, "सर, घर होतं, मग विमान कुठे आहे?" त्या प्रश्नातूनच विज्ञान प्रदर्शनासाठी लाकडी विमान करण्याचे ठरले.

अशा छोट्या विमानांसाठी जगभर बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. हा वृक्ष मूळचा दक्षिण व मध्य अमेरिकेतला. त्याचे लाकूड सागाच्या सुमारे चौथाई वजनाचे आणि दाढीच्या पात्याने कापता येण्याइतके मऊ. परंतु सरकारी शाळेच्या खिशाला ते जड. तेव्हा बाल्साचे दोनच तक्ते आणून त्यांतून पंखाच्या बरगड्या कापल्या, आणि बाकी सांगाड्यासाठी धूलपेठेतल्या पतंगवाल्याकडून बांबूच्या कामट्या आणल्या. संक्रांतीच्या पतंगाचा कणा आणि कमान ज्यांच्या हातांना ठाऊक, त्या मुलांना कामटी तासायला शिकवावे लागत नाही.

इंग्रजी पुस्तकातील भागांना आपली नावे शोधण्याचा उद्योग आम्ही मुलांवरच सोपविला होता. बरगडी सर्वांनाच सुचली. पण त्या बरगड्यांतून आरपार जाणाऱ्या लांब काठीला काय म्हणावे? एका मुलाने घरी आजीला विचारून 'वासा' हा शब्द आणला. घर फिरले की घराचे वासे फिरतात, असे आपण म्हणतो. येथे न्याय उलटा, वासा फिरला की सारे विमान फिरते.

खरा वाद पेटला तो सांगाड्यावर काय चढवावे यावरून. पातळ पतंगी कागद चढवून वर रोगण दिले की तो ताणून बसतो आणि पंखाला बळकटीही देतो. पारदर्शक आवरण तसे देत नाही. सेलोफेन, ज्याला आपण जिलेटीनचा कागद म्हणतो, तो लाकडाच्या लगद्यापासूनच होतो. मात्र ओलाव्याने सैल पडतो आणि वाळताच आक्रसतो. या स्वभावाची किंमत मोठमोठ्यांनी मोजली आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी आपले विमान शत्रूला दिसू नये म्हणून लिंके-हॉफमान या प्रचंड विमानाच्या काही भागावर सेलॉन नावाचे पारदर्शक आवरण चढविले. उन्हात ते आरशासारखे चमकू लागले! दमट हवेत ढिले पडे, पुढे पिवळे पडे. ते विमान १० मे १९१७ रोजी पंख मोडून पडले; तो दोष मात्र आवरणाचा नव्हे, पंखांच्या बांधणीचा होता.

आता इस्त्रीने चिकटणारी प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म मिळते, तिला दमटपणाचे भय नाही. तरीही एक मुलगा रंगवलेल्या कागदाचाच हट्ट धरून बसला. कारण विचारता गप्प. कारण आम्हाला दिसत होते. त्याच्या हातून डावीकडची तिसरी बरगडी मोडली होती आणि ती त्याने डिंकाचा गोळा थापून सांधली होती. प्रदर्शनात तिरंगी रंग उठून दिसला असता हे खरे, आणि परीक्षक रंगाला भुलतात हेही आम्ही पाहिलेले आहे. तरी आम्ही फिल्मच्या बाजूने कौल दिला. मुलगा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने तो गोळा खरवडून काढला आणि बरगडीच्या दोन्ही अंगांस बाल्साची चकती लावून सांधा नीट केला. सांधा तरीही दिसतोच.

फिल्म पंख ताठ करीत नाही, म्हणून बरगड्यांमध्ये तिरक्या पट्ट्या घालाव्या लागल्या. इस्त्रीचेही तंत्र आहे. आधी कडा चिकटवायच्या, मग मधला भाग तापवून ताणायचा. तोही वर-खाली आळीपाळीने. एकच बाजू आधी ताणली तर पंख पापडासारखा पिळतो. आमचा एकदा पिळला. पुन्हा ऊब देऊन, हाताने उलट धरून सरळ केला. तोल पाहण्यासाठी पंखाच्या पुढच्या कडेपासून एक तृतीयांशावर दोन्हीकडे बोटे टेकवून विमान उचलले. शेपूट जड निघाली, म्हणून नाकात मेणाची गोळी भरली.

रबराच्या पिळावर उडणारे विमान आल्फोन्स पेनो याने १८७१ साली पॅरिसच्या बागेत उडविले, ते ११ सेकंद हवेत होते. आमचे सात सेकंद राहिले आणि मैदानाच्या कडेच्या लिंबाला धडकले. प्रदर्शनात बक्षीस मिळाले नाही. उजव्या पंखाची फिल्म फाटली होती, तेथे ठिगळ आहे. त्या ठिगळातून आतल्या दोन बरगड्या जरा अंधुक दिसतात; डावीकडची तिसरी मात्र स्वच्छ.