नाकाचे बिल

१७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने पुण्याजवळील एका शस्त्रक्रियेचे वर्णन छापले. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी गाडीवानाला कपाळाच्या कातडीचे नवे नाक देणारा हात विटा पाडणाऱ्या जातीचा होता!

आज तीच विद्या ‘नाकीडोळी नीटस’ सुनांच्या बाजारात लाखांच्या भावाने विकली जाते. सांगितलेला आकडा पुष्कळदा सर्जनच्या फीपुरताच. भूल, थिएटर, औषधे मागाहून, आणि बिघडले तर पुन्हा खर्च. विमा कंपन्या हात वर करतात.

पण खरी किंमत त्या बिलात नसतेच. यांतील कितीतरी सर्जनांचा हात सरकारी रुग्णालयांत, जनतेच्या पैशावर, गरिबांच्या देहांवर बसला. स्टोव्हच्या भडक्यात चेहरा गमावलेली कामगार स्त्री तिथेच तारखेची वाट पाहत असते; तिच्या वाट्याचा सर्जन केव्हाच खाजगी दवाखान्यात गेलेला असतो.