ताकदीची कुपी, पण कोणासाठी?

वयाबरोबर पेशींतली वीजघरे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मंदावतात. त्यांना तरतरी आणणारी पेप्टाइडची इंजेक्शने घ्या, असा प्रचार सध्या जोरात आहे. त्यातले इलामिप्रेटाइड हे खरे औषध. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यातील कार्डिओलिपिन या स्निग्ध पदार्थाला ते चिकटते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला मान्यता दिली. पण ती बार्थ सिंड्रोम या दुर्मीळ जनुकीय आजारापुरती, तीही पुढे लाभ सिद्ध करण्याच्या अटीवर. मायटोकॉन्ड्रियाच्याच दुसऱ्या एका स्नायुविकारात, मोठ्या चाचणीत, ते अपयशी ठरले होते. तरी 'केवळ संशोधनासाठी' असे लेबल लावलेल्या कुप्या तारुण्याच्या नावाने इंटरनेटवर विकल्या जातात. त्यांची शुद्धता तपासतो कोण? पन्नाशीतल्या थकव्यामागे अनेकदा रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह किंवा अपुरी झोप असते. कुपीच्या नादात नेमके तेच तपासायचे राहून जाते.