चुकलेला फाटा

मी कॉलेजात मराठी शिकवतो. शब्दांच्या नादाने कुणाचा जीव जात नाही, अशी माझी आजवर समजूत होती. ती मेहकरच्या फाट्यावर मोडली.

समृद्धी महामार्ग आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर खुला झाला, आणि ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सगळा ७०१. मोटारीला ताशी १२० ची मुभा! मात्र इथे मनात येईल तिथे वळता येत नाही; ठरल्या जागीच चढायचे आणि उतरायचे. त्या चढ-उताराच्या जोडरस्त्याला सगळे ‘रॅम्प’ म्हणतात. दिवाळीसाठी संभाजीनगरहून घरी येताना, याला चांगला मराठी शब्द कोणता, याचा मी विचार करीत होतो. तेवढ्यात मेहकरचा रॅम्प मागे पडला.

“बाबा, आपला रस्ता गेला!” कन्या ओरडली.

मी गाडी कडेला घेतली आणि सरळ रिव्हर्स टाकला. वीस-पंचवीस पावलांचाच तर प्रश्न होता!

“अहो, काय करताय हे?” सौ. चा आवाज पूर्ण उमटायच्या आत एक ट्रक भोंगा वाजवीत शेजारून गेला. आमची गाडी पानासारखी हलली. पुढचा तासभर, लांबच्या फाट्यावरून वळसा घालून परतताना, गाडीत कुणी बोलले नाही. मी मनात गणित मांडीत होतो. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मागच्याने तीन सेकंद मान वळवली की शंभर मीटर संपले.

शेजारी एस. टी. तून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका राहतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी शिकवणीच घेतली. “सर, फाटा चुकला म्हणजे चुकला. पुढचा गाठायचा.” उतरायचे असेल तर पाटी दिसताच सिग्नल देऊन डाव्या लेनला यावे, ब्रेक मात्र मुख्य रस्त्यावर नव्हे, उतरणाऱ्या पट्ट्यात गेल्यावर. आणि वळणावर मनावर विश्वास ठेवू नये, काट्यावर ठेवावा. दोन तास १२० ने आलेल्या माणसाला ६० म्हणजे बैलगाडी वाटते! पण वेग दुप्पट झाला की वळणावर गाडीला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. ४० च्या वळणावर ८० ने शिरणारा कठड्यालाच भेटायचा.

चढताना उलट. पुष्कळ मंडळी भीत भीत रॅम्पच्या तोंडाशी येऊन थांबतात. (आमची सौ. सुद्धा, पण हे तिने वाचू नये.) खरे म्हणजे त्या पट्ट्यातच वेग वाढवायचा, आरशात आणि खांद्यावरून मागे पाहायचे, आणि मोकळी जागा मिळेल तशी गाडी आत घ्यायची. आधीचा हक्क मुख्य रस्त्यावरच्यांचा.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा पणत्या विझत आल्या होत्या आणि आई दारातच उभी होती. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस पेटून पंचवीस माणसे गेली. तेव्हापासून आम्ही त्या रस्त्यावर असलो की तिच्या घशाखाली घास उतरत नाही.

“इतका उशीर का रे?” तिने विचारले.

मी तोंड उघडण्याआधीच कन्या म्हणाली, “आजी, बाबा एक शब्द शोधत होते.”