सांडलेला चहा आणि आईच्या ओव्या

गेल्या महिन्यात आमच्या औरादच्या घरी लॅपटॉपवर कपभर चहा सांडला. धाकट्याचा हात लागला. त्याच्यावर ओरडण्यात पहिली दोन मिनिटे गेली, आणि नेमकी तीच मोलाची होती. मग फडक्याने कळफलक पुसला आणि चालू आहे ना हे पाहायला मी दोनदा बटण दाबले. तिसऱ्यांदा पडदा काळाच राहिला!

शाळेत दौत उलटली की आम्ही टीपकागद ठेवायचो. डाग राही, पण काय बिघडले ते डोळ्यांना दिसे. यंत्राचे तसे नाही. वरून कोरडे वाटते, आत दूध-साखरेचा चिकट थर असतो, आणि ओलाव्यात वीज गेली की तांब्याच्या बारीक रेषा गंजतात. चहापेक्षा आपली घाईच जास्त नडते, असे माझे मत झाले आहे. आधी चार्जर काढावा, बटण दाबून धरून यंत्र बंद करावे, निघत असेल तर बॅटरी काढावी, तंबूसारखे पालथे ठेवावे आणि जाणकाराने उघडून साफ करेपर्यंत सुरू करू नये. शेजाऱ्यांनी तांदळात ठेवायला सांगितले. पण तांदळाने साखर कशी निघणार?

खरी धास्ती वेगळीच होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत औराद म्हैसूर राज्यात आले, शेजारचे उदगीर मुंबई राज्यात गेले. कचेरीत मी दिवसभर कन्नड लिहितो, घरी मराठी बोलतो. आईच्या जात्यावरच्या ओव्या रात्री बसून मी त्या लॅपटॉपवर उतरवल्या होत्या. आई आता नाही. प्रत एकच.

बिदरला दुरुस्तीवाल्याने डिस्क वेगळी काढली, ओव्या मिळाल्या. लॅपटॉप मात्र गेला. आजच्या कित्येक पातळ लॅपटॉपांत साठवण मुख्य पट्टीवरच पक्की बसवलेली असते, तिथे ही सोयही नाही.

सीमाभागात शाळा, पाट्या, अर्ज यांतल्या मराठीसाठी आपण भांडतो, भांडावेच. पण घरातली मराठी एकाच यंत्रात, तीही चहाच्या कपाशेजारी ठेवतो! ओव्या इतक्या पिढ्या टिकल्या, कारण त्या अनेक बायांच्या तोंडी होत्या.

आता एक छापील प्रत उदगीरला बहिणीकडे आहे. धाकट्याची माफीही मागितली. तो कप लांब ठेवतो. मीच अजून विसरतो.